सामायिक मेल सर्व्हरवर एका खात्यावर नजर ठेवण्याआधी

पहिलं काम कागदाचं. जळगाव एमआयडीसीत एकाच सर्व्हरवर डाळ मिल, पाइपवाला आणि रावेरचा केळी व्यापारी असे तिघं असतात. ज्या फर्मचं खातं, तिच्याच मालकाचं सहीचं पत्र हवं. त्यात कोणतं खातं, कशासाठी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि मेलच्या प्रती कोण वाचणार, एवढं स्पष्ट असावं. फोनवरचं ‘जरा बघून घ्या भाऊ’ चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३ आणि ६६खाली अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केलेल्या विनापरवाना प्रवेशाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. कंपनीच्या खात्यावर नजर राहू शकते, हे कर्मचाऱ्यांना धोरणात लेखी सांगितलेलं असावं.

मग विचारा की मजकूर खरंच हवा आहे का. कोणी, कधी, कोणाला पाठवलं एवढंच हवं असेल तर लॉग, म्हणजे सर्व्हर आपोआप ठेवतो ती नोंद, पुरतो. पण लॉग साधारणपणे चार आठवडेच टिकतो. जुने लॉग पुसणाऱ्या लॉगरोटेटची मुदत आजच वाढवा, हंगाम संपल्यावर नाही.

मजकूर हवाच असेल तर पोस्टफिक्समध्ये (सर्व्हरवर मेलची ने-आण करणारं सॉफ्टवेअर) गुपचूप प्रत वेगळ्या पेटीत टाकणाऱ्या दोन सेटिंग आहेत: जाणाऱ्या मेलसाठी सेंडर_बीसीसी_मॅप्स आणि येणाऱ्यासाठी रेसिपिएंट_बीसीसी_मॅप्स. ऑलवेज_बीसीसीला हात लावू नका, त्यात तिघांचीही टपाल गोळा होते. कोणाची प्रत कुठे जायची ते या सेटिंगच्या तक्त्यात लिहायचं असतं, त्यात पूर्ण पत्ता लिहा. नुसतं ॲट आणि डोमेन लिहिलंत तर अख्खी फर्म आत येते. सेंडरचा तक्ता लिफाफ्यावरचा पत्ता बघतो (पाठवताना सर्व्हरला दिलेला, मेलमध्ये दिसणारा नव्हे), म्हणून दुसऱ्या पत्त्यावरून पाठवलेलं सुटतं. मसुदे तर येतच नाहीत.

आता प्रतींची पेटी. हिचा कोटा, म्हणजे तिच्यात किती मावेल ती मर्यादा, बघा. पुन्हा सांगतो, कोटा बघा. पोस्टफिक्सच्या मूळ सेटिंगमध्ये पेटीची मर्यादा ५,१२,००,००० बाइट आणि एका मेलची १,०२,४०,००० बाइट आहे, म्हणजे सगळे मेल एकाच फाइलीत साठत असतील तर पूर्ण आकाराच्या पाच मेलांत पेटी भरते. केळीच्या कंटेनरचे फोटो आणि काट्याच्या पावत्या जोडलेल्या असतात, आणि जोडलेली फाइल मेलमध्ये जवळजवळ एक तृतीयांशाने फुगते. पेटी भरली की ‘मेल पोहोचला नाही’ असा परतीचा निरोप तुमच्याकडे येत नाही, मूळ पाठवणाऱ्याकडे जातो, आणि त्यात प्रतींच्या पेटीचा पत्ता असतो. नजर ठेवलेल्या माणसालाच कळतं. येणाऱ्या मेलच्या बाबतीत तो पाठवणाऱ्या दिल्लीच्या व्यापाऱ्यालाही कळतं! मेल पेटीत टाकायचं काम डोव्हकॉट हे दुसरं सॉफ्टवेअर करत असेल तर कोटा तिथला, तो वेगळा तपासा. डिस्कवर जागा आहे म्हणून कोटा आहे असं होत नाही.

चाचणी पेटी रिकामी असताना घेऊ नका. कोटा मुद्दाम एक एमबी करा, चाचणी खात्यावरून पेटी भरा, परतीचा निरोप कोणाकडे गेला ते डोळ्यांनी बघा. मगच कोटा वाढवा. निरोप थांबवायला सॉफ्ट_बाउन्स (मेल परत न पाठवता रांगेत ठेवणारी सेटिंग) लावायचा मोह होईल, पण तो साऱ्या सर्व्हरला लागू होतो. डाळ मिलचे चुकीच्या पत्त्यावरचे मेल पाच दिवस रांगेत लोंबकळतील आणि फोन तुम्हालाच येतील.

एकच प्रत दोनदा येत असेल तर मेल स्पॅम-व्हायरसच्या गाळणीतून पोस्टफिक्समध्ये पुन्हा आत शिरतोय. गाळणीच्या आधी किंवा नंतर, एकाच बाजूला नो_ॲड्रेस_मॅपिंग्ज लावा, म्हणजे तिथे प्रत निघत नाही.

तक्ता लिहिला की पोस्टमॅप (तक्ता पोस्टफिक्सला वाचता येईल असा करणारी आज्ञा), मग रीलोड. प्रतींच्या पेटीचा पासवर्ड वेगळा. रोज कोटा बघा. सुट्टीतही.

मुदत संपली की तक्त्यातली नोंद काढा, पोस्टमॅप, रीलोड. पत्रानुसार प्रती मालकाला द्या किंवा पुसा, आणि तारीख लिहून ठेवा. पेटी मात्र लगेच उडवू नका. रांगेतल्या जुन्या मेलवर तिचा पत्ता अजून आहे, आणि पेटी नसली तरी निरोप पाठवणाऱ्याकडेच जातो. मेलक्यू या आज्ञेने रांग बघा, तिचा पत्ता रांगेत उरला नाही की मग पेटी काढा.