आधी कथा, मग सिनेमा, मग पुन्हा सिनेमा

मी पोटापाण्यासाठी भाषांतरं करते. त्यामुळे एक खोड लागलेली: मूळ मजकूर हाताशी ठेवायचा आणि चुका हुडकायच्या. साहित्यकृतीवरचा सिनेमाही मी बरीच वर्षं तसाच तपासला. हे पात्र गाळलं, तो प्रसंग बदलला, शेवट भलताच केला. सिनेमा संपेपर्यंत तक्रारींची यादी तयार असायची आणि सिनेमा बघायचा राहिलेला असायचा.

म्हणून पहिलं सांगणं असं, की कादंबरीपासून सुरुवात करू नका. चारशे पानांतलं काय काय वगळलं याचा हिशेब मांडण्यातच जीव जातो. कथा किंवा दीर्घकथा घ्या, जी एका बैठकीत वाचून होईल. दुसऱ्या दिवशी सिनेमा. माझी या पद्धतीतली पहिली जोडी होती रवींद्रनाथांची 'नष्टनीड' (१९०१) आणि सत्यजित राय यांचा 'चारुलता' (१९६४). अजूनही कुणी विचारलं तर मी हीच सांगते.

वाचताना पेन्सिल जवळ ठेवा. हे तर कॅमेऱ्याला दाखवताच येणार नाही, असं वाटेल त्या वाक्याखाली रेघ मारायची. 'नष्टनीड'मध्ये माझी पहिली रेघ अगदी सुरुवातीलाच पडली. भूपती वर्तमानपत्र चालवतो. त्याची बालवधू चारू केव्हा तरुण झाली ही एवढी मोठी बातमी संपादकमहाशयांना नीट कळलीच नाही, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. ती चिमटा काढणारी गंमत निवेदकाच्या आवाजात आहे. सिनेमात निवेदक नाही, मग ती जाणार कुठे?

राय यांनी ती एका छोट्या दुर्बिणीत ठेवलीय. चारू एकटी, मोठं घर, लांबच लांब दुपार. खिडकीच्या फटींतून ती रस्त्यावरची माणसं दुर्बिणीने न्याहाळते. मग भूपती पुस्तकात डोकं खुपसून तिच्या जवळून जातो आणि तिच्याकडे त्याचं लक्षच जात नाही. ती पाठमोऱ्या नवऱ्याकडेही दुर्बीण लावून बघते. हाताच्या अंतरावरचा माणूस, आणि तो दिसायला दुर्बीण लागते! एकही शब्द नाही, पण रवींद्रनाथांचं वाक्य शब्दशः पोचलं. माझ्या धंद्यात याला चांगलं भाषांतर म्हणतात.

शेवटाकडे तर मी पुन्हा पुन्हा जाते. कथेत भूपती अखेर चारूला बरोबर यायला सांगतो आणि ती म्हणते, 'ना, थाक.' नको, राहू दे. मराठीत हे इतकं सहज उतरतं की मला बंगालीचा हेवा वाटेनासा होतो. सिनेमात उलटं आहे. ती त्याला 'ये' म्हणते, हात पुढे करते, त्याचाही हात येतो, आणि दोन्ही हात भेटायच्या आत चित्र गोठतं. पुढे नुसती स्थिरचित्रं. तिथे नकार, इथे बोलावणं, आणि दुखणं एकच. पूर्वीच्या यादीत मी इथे 'शेवट बदलला' एवढंच लिहिलं असतं.

पहिल्यांदा बघताना वही नको, फोनही दुसऱ्या खोलीत. संपल्यावर आठवणीतले तीन प्रसंग लिहून काढा, तेही अर्थ न लावता: कोण कुठे उभं होतं, उजेड कुठून येत होता, आवाज कसला होता. मग रेघा मारलेली वाक्यं काढून शेजारी ठेवा. दुसऱ्यांदा अख्खा सिनेमा बघायला वेळ नसेल तर पहिली आणि शेवटची दहा मिनिटं तरी बघाच.

जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या 'राशोमोन'साठी (१९५०) जपानी लेखक अकुतागावांच्या दोन कथा वाचाव्या लागतात. नाव आणि पडका दरवाजा एका कथेतला, खुनाची हकिगत दुसरीतली. दुसरीत नुसत्या जबान्या आहेत, न्यायाधीशाचं तोंडही दिसत नाही. सिनेमातही दिसत नाही. साक्षीदार सरळ आपल्याकडे तोंड करून बोलतात. बघता बघता न्यायासनावर आपण बसलेलो असतो.

आता झोपेबद्दल. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कींच्या 'स्टॉकर'मध्ये (१९७९) तीन माणसं रुळांवरच्या छोट्या गाडीतून 'झोन' नावाच्या निषिद्ध प्रदेशाकडे जातात. मी दोनदा नेमकी तिथेच झोपले. तिसऱ्यांदा डोळे मिटायला लागल्यावर कान उघडे ठेवले. रुळांचा खडखडाट हळूहळू वेगळाच होत जातो, यंत्राचा की संगीताचा ते कळेनासं होतं, आणि मग तोवर तपकिरी असलेल्या चित्रात एकदम रंग येतो. संथ दृश्यात 'आता काय घडणार' ची वाट बघू नका. काय बदलतंय ते शोधा, बहुतेकदा ते आवाजात असतं. आणि सिनेमात दिसणारा कुत्रा कशाचं प्रतीक, पाणी कशाचं, हे पहिल्या बैठकीला विचारायचं नाही. कुत्रा आधी कुत्रा म्हणून बघावा.

सबटायटल्सवर फार विसंबू नका, हे मी त्याच पेशातली म्हणून सांगते. जागा दोन ओळींची, वेळ काही सेकंदांचा, काटछाट होतेच. तारकोव्हस्कींच्याच 'मिरर'मध्ये (१९७५) त्यांचे वडील, कवी आर्सेनी, स्वतःच्या कविता वाचतात. ओळी वाचण्याच्या नादात तो आवाज निसटतो. असा तुकडा एकदा वाचून घ्या आणि दुसऱ्यांदा सबटायटल्स बंद करून ऐका.

घाईने सिनेमा बंद करण्याबद्दलही एक सूचना. जपानी दिग्दर्शक हामागुचींच्या 'ड्राइव्ह माय कार'मध्ये (२०२१) सुरुवातीची श्रेयनामावलीच मुळी चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास येते.

कादंबऱ्यांकडे वळाल तेव्हा हंगेरियन दिग्दर्शक बेला तार यांचा 'सातानटँगो' (१९९४) अगदी शेवटी ठेवा. सात तासांहून लांब आहे तो. तो ज्यावर आहे त्या हंगेरियन लेखक क्रास्नाहोरकाईंच्या कादंबरीत टँगोसारखी सहा पावलं पुढे, सहा मागे अशी बारा प्रकरणं आहेत, आणि सिनेमानेही तीच चाल ठेवलीय. मी तो तीन रात्रींत पाहिला. पहिल्या रात्रीचा बराचसा भाग गोठ्यातून बाहेर पडलेल्या गायींच्या मागेमागे फिरणाऱ्या कॅमेऱ्याशी भांडण्यात गेला, कारण कादंबरी मी अजून अर्धीच वाचली होती.