पीडीएफमध्ये ल बदलतो तेव्हा: बग अ‍ॅपचा की लायब्ररीचा?

इश्यू, म्हणजे प्रकल्पाकडे बगची नोंद, कसा उघडायचा, आवृत्तीचा क्रमांक कुठे टाकायचा हे तुम्हाला येत असेलच. मला बोलायचंय ते अ‍ॅप आणि त्याच्या खालची लायब्ररी (अ‍ॅप वापरतं तो दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) यांच्यामधल्या फटीबद्दल. माझे तीन महिने त्या फटीत गेले, आणि ते अजून बोचतं.

मी मुलांसाठी वाचनपुस्तिका करत होते. एका मुक्तस्रोत लेखन-अ‍ॅपमधून पीडीएफ काढली की पाकळीचा ल जाऊन हिंदी वळणाचा ल यायचा. श चंही तेच. मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हे २००९ च्या शासन निर्णयातच आहे. नुकतं अक्षर गिरवणाऱ्या मुलाच्या हातात दुसरं वळण देणं मला पटेना. अ‍ॅपच्या प्रकल्पात रिपोर्ट टाकला. उत्तर आलं: अक्षरांची जुळणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते, दोष तिथला असणार.

हार्फबझसोबत एचबी-व्ह्यू नावाचं छोटं साधन मिळतं. फॉन्टची फाइल आणि मजकूर दिला की अ‍ॅपला मध्ये न घेता ते चित्र काढून देतं. मी 'लाल शाल' दिलं. पाकळीचा ल आला! लायब्ररी ठीक आहे, असं ठणकावून लिहिलं आणि कमांड जोडली. डेव्हलपरने तीच कमांड, तीच फॉन्टफाइल घेऊन त्याच्याकडे चालवली. त्याला हिंदी वळणाचा ल मिळाला. इश्यू बंद.

आता नीट वाचा, कारण मी फसले ती जागा हीच. युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी ल चा क्रमांक एकच, ०९३२. कोणतं वळण काढायचं हे फॉन्टमधले भाषानिहाय नियम ठरवतात, आणि ते नियम लागू व्हायला मजकूर मराठी आहे हे हार्फबझला कुणीतरी सांगावं लागतं. अ‍ॅपमध्ये ते काम अ‍ॅपचं. एचबी-व्ह्यूला आपण भाषा सांगितली नाही, तर ते संगणकाच्या लोकेलवरून, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून, भाषा धरतं. माझं लोकेल मराठी, त्याचं इंग्रजी. कमांड एकच, पण लायब्ररीपर्यंत पोचलेली भाषा वेगळी. मी खोटं बोलत नव्हते आणि तोही नाही.

म्हणून कमांडमध्ये 'लँग्वेज' हा पर्याय स्वतः लिहा, एकदा मराठी देऊन आणि एकदा हिंदी देऊन. दोन्ही चित्रं शेजारी लावा, फरकावर गोल करा. समोरच्याला देवनागरी वाचता येत नसेल हे गृहीत धरा. फॉन्टची नेमकी फाइल जोडा, नुसतं नाव नको. आणि अ‍ॅप हार्फबझची कोणती प्रत वापरतं ते बघा: पुष्कळ अ‍ॅप स्वतःची प्रत सोबत आणतात, तुमच्या टर्मिनलमधली आवृत्ती निराळी असू शकते.

दोन्हीकडे एकदम रिपोर्ट टाकण्याचा शॉर्टकट घेऊ नका. दोघंही दुसऱ्याची वाट बघत बसतात. चॅटबॉटकडून रिपोर्ट लिहून घेणं तर मला मुळीच मान्य नाही. न चालवलेल्या कमांडचं उत्तर त्यात बेधडक लिहिलेलं असतं. मेंटॉर शोधण्यात महिने घालवण्यापेक्षा त्याच प्रकल्पातले बंद झालेले वीस रिपोर्ट वाचा. मला कुठल्याही मार्गदर्शकापेक्षा त्यांनी जास्त शिकवलं.

इश्यू बंद झाला की पोटात गोळा येतो, मला आजही येतो. पण बंद झालेला इश्यू पुन्हा उघडतो. नवा पुरावा द्या, आधीचं कुठे चुकलं ते एका ओळीत कबूल करा. कुणी हसत नाही.

मी तसंच केलं. भाषा मराठी दिली की दोघांच्याही यंत्रावर पाकळीचा ल, हिंदी दिली की दोघांकडे दुसरा. म्हणजे हार्फबझ सांगितलेलं ऐकत होतं. दुसऱ्या दिवशी डेव्हलपरने शोधून काढलं: पडद्यावर मजकूर दाखवताना परिच्छेदाची भाषा पुढे जात होती, पीडीएफ काढताना ती पाठवायची राहून गेली होती.