हरणाऱ्या टीमची मॅच कशी पाहायची

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, नव्याने पाहायला लागलेल्या पोरांना मी एकच सांगतो: पहिला हंगाम तक्त्याच्या तळाशी असलेल्या एखाद्या टीमबरोबर काढा. जिंकणारी टीम पाहिली की चेंडू बास्केटमध्ये जातो एवढंच दिसतं. हरणारी टीम पाहिली की तो का जात नाही हे कळायला लागतं, आणि खेळ तिथूनच समजतो. शिवाय अशी टीम एखाद्या दिवशी जिंकते. तो दिवस पाहायचा असेल, तर आधीचे पराभव नीट पाहिलेले असावे लागतात.

माझी टीम डेट्रॉइट पिस्टन्स. 1989, 1990 आणि 2004 ची विजेती. मी फैजपूरकडचा, केळीवाला. कॉलेजात मातीच्या कोर्टवर खेळलो, तेव्हापासून हा नाद लागला तो सुटला नाही.

आधी वेळेचं पाहू. डेट्रॉइटची संध्याकाळी सातची मॅच थंडीत आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, मग तीच मॅच साडेचारला. शेतकऱ्याला ही वेळ सोयीची आहे. आमच्याकडे शेतीची थ्री-फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री असते. रात्रीची पाळी असली की मोटार चालू करून ठिबकच्या नळ्या तपासायला शेतात जावंच लागतं. विहिरीजवळ रेंज नसते, बांधाच्या टोकाला मिळते. व्हिडिओची क्वालिटी आधीच खाली आणून ठेवा. चेहरे पुसट दिसले तरी चालतील, धावणं दिसलं पाहिजे. खेळ 48 मिनिटांचा, म्हणजे 12-12 मिनिटांच्या चार क्वार्टरचा असला तरी मॅच सव्वादोन तास तरी चालते. तेवढा वेळ नसेल तर पहिला अर्धा भाग खुशाल सोडा, पण तिसरा क्वार्टर सोडू नका.

का ते सांगतो. पडती टीम सहसा मध्यंतरानंतर कोसळते. समोरचा कोच विश्रांतीत डाव बदलतो आणि यांच्याकडे त्यावर उत्तर नसतं. 28 डिसेंबर 2023 ला बॉस्टनमध्ये पिस्टन्स मध्यंतराला 19 पॉइंटने पुढे होते. तेव्हा सलग 27 मॅच हरलेली ही टीम होती आणि समोर त्या हंगामातली सगळ्यात भारी टीम. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सगळी आघाडी वितळली, मॅच ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळेत, गेली आणि 128-122 अशी हातची गेली. सलग 28 वा पराभव. नुसता आकडा वाचणाऱ्याने म्हटलं, पुन्हा हरले. ज्याने मॅच पाहिली त्याला कळलं की आता पोरं जवळ आली आहेत.

आता नजर कुठे ठेवायची. चेंडूवरून नजर काढणं सुरुवातीला जड जातं, पण तेच करायचं आहे. पिस्टन्सचा केड कनिंगहॅम चेंडू घेऊन वर येतो. त्याचा जोडीदार जेलन ड्युरन केडच्या राखणदाराच्या, म्हणजे त्याला अडवणाऱ्या खेळाडूच्या, वाटेत उभा राहतो, याला स्क्रीन म्हणतात. केड त्याच्या खांद्याला खांदा घासून निघतो. आता बचावाचे दोघं केडच्या मागे लागतात आणि ड्युरन वळून बास्केटकडे धावतो. इथपर्यंत सगळ्यांना दिसतं. तुम्ही मात्र कोपऱ्यात उभ्या असलेल्या शूटरकडे पाहा, आणि त्याच्याहून जास्त त्याच्या राखणदाराकडे. तो राखणदार शूटरला चिकटून राहिला तर मधली वाट मोकळी, ड्युरनचा डंक, म्हणजे चेंडू हाताने थेट रिंगमध्ये कोंबणं, ठरलेला. तो बिनधास्त शूटरला सोडून आत सरकला, तर समजायचं की समोरच्या टीमला या शूटरची भीती नाही. त्या वर्षी डेट्रॉइटचं खरं दुखणं हे होतं. लांबून टाकणारा बोयान बोगदानोविच पोटरीच्या दुखापतीमुळे सुरुवातीचे कितीतरी सामने बाहेर होता, कोपऱ्यातल्या कोणाची दहशत नव्हती, आणि केडसमोर दर वेळी तीन माणसांची भिंत उभी राहायची. तरी 26 डिसेंबरला त्याने ब्रुकलिनविरुद्ध 41 पॉइंट केले. टीम हरली, स्टेडियममधले लोक मालकाला टीम विकून टाक म्हणून ओरडत होते, आणि तो 22 वर्षांचा पोरगा शेवटपर्यंत आत घुसत राहिला. मला तो तेव्हा पटला. आजही माझं म्हणणं आहे की त्या हंगामातला त्याचा सगळ्यात मोठा खेळ पराभवात झाला.

दुसरी जागा म्हणजे शॉट हुकल्यानंतरचे दोन-तीन सेकंद. आपले किती जण पळत मागे येतात ते मोजा. चार जण अर्धी रेषा ओलांडून आले तर टीम जिवंत आहे. पंचांकडे हात करत दोघं तिथेच थांबले तर ती रात्र गेली. कौशल्य कमी असणं समजू शकतं, ते वर्षा-दोन वर्षांत येतं. मागे पळणं आजच्या आज करता येतं, म्हणून मी त्यावर टीमची पारख करतो.

मॅचनंतर बॉक्स स्कोअर, म्हणजे खेळाडूंच्या आकड्यांचा तक्ता, उघडा. पॉइंटच्या रकान्याआधी टर्नओव्हर पाहा, म्हणजे चेंडू किती वेळा गमावला ते, मग फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळालेले मोकळे शॉट. बाकीचं हळूहळू येईल.

अनपेक्षित विजयाची चाहूल बऱ्याचदा समोरच्या टीमच्या बातमीत असते. त्यांची काल रात्रीही मॅच होती का? कोणी जखमी आहे? कोणाची अदलाबदल झाली? 30 डिसेंबर 2023 ला टोरंटो रॅप्टर्स डेट्रॉइटला आले होते. त्याच दिवशी त्यांनी ओजी अनुनोबीला आणखी दोघांसह न्यूयॉर्कला दिलं होतं, आणि बदल्यात मिळालेले आर. जे. बॅरेट आणि इमॅन्युएल क्विकली अजून खेळायला आलेले नव्हते. म्हणजे टोरंटोकडे माणसं कमी, आणि डेट्रॉइटकडे बॉस्टनला घाम फोडल्याचा ताजा भरवसा. आपल्याकडे 31 ची पहाट, रविवार. पिस्टन्सनी 129-127 ने मॅच काढली. केडचे 30 पॉइंट आणि 12 असिस्ट, म्हणजे ज्यावर सहकाऱ्याने बास्केट केली असे पास. पुतण्या माझ्या शेजारी घोंगडी पांघरून बसला होता. तो म्हणाला, "काका, जिंकलो ना? खरंच?" आम्ही दोघं बांधावर उभे राहून ओरडलो, शेजारच्या वावरातला माणूस बॅटरी घेऊन धावत आला.

अशा मॅचची शेवटची पाच मिनिटं पाहायलाही पद्धत लागते. क्वार्टरमधला टीमचा पाचवा फाउल झाला की समोरच्याला फ्री थ्रो मिळतात, म्हणून फाउल किती झाले ते आधी बघा. शेवटच्या तीन मिनिटांत प्रत्येक टीमला दोनच टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवून घेतलेली छोटी विश्रांती, घेता येतात. ते कधी वापरले ते लक्षात ठेवा. हरायची सवय झालेली टीम इथे घाई करते, शॉटसाठी मिळणाऱ्या 24 सेकंदांतले आठ-दहाच वापरून कुठूनही शॉट मारते. त्या रात्री डेट्रॉइटने चेंडू केडच्या हातात ठेवला आणि वेळ खाल्ली. त्या आधीच्या पराभवांत मी हीच गोष्ट होताना शोधत होतो.

जिंकल्यावर आनंद पूर्ण करा, उगाच हात राखून नको. आम्ही त्या दिवशी बामणोदची हिरवी वांगी आणून शेतातच काड्यांवर भाजली. साल काढून, मिरची-लसणाबरोबर ठेचून, वर कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. बास्केटबॉलमधलं काही न कळणारे गडीसुद्धा जेवायला होते आणि त्यांना कोण जिंकलं हे पाठ झालं होतं.

पण एका विजयावर हंगामाचा हिशोब मांडू नका. त्या रात्रीनंतर टीमची नोंद 3 विजय, 29 पराभव अशी होती. हंगाम 14-68 वर संपला. "आता मुद्दाम हरा, ड्राफ्टमध्ये पहिला नंबर लागेल," असं सांगणारे भेटतील. ड्राफ्ट म्हणजे टीमनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं, आणि तळाच्या टीममधला पहिला नंबर सोडतीने ठरतो. त्यांचं ऐकू नका. 2019 च्या बदलानंतर तळाच्या तिन्ही टीमना पहिल्या नंबरची संधी सारखीच, 14 टक्के ठेवली गेली. 2024 ला सगळ्यात शेवटी राहूनही डेट्रॉइटला पाचवा नंबर मिळाला. टीम वर आली ती तीच पोरं मोठी झाली म्हणून, सोबत अनुभवी शूटर आणले म्हणून, आणि नवा कोच जे. बी. बिकरस्टाफ याने बचावाला शिस्त लावली म्हणून. पुढच्याच हंगामात 44 विजय, म्हणजे चौदाच्या तिपटीहून जास्त. एप्रिल 2025 मध्ये न्यूयॉर्कला जाऊन प्लेऑफची, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीची, मॅच 100-94 ने जिंकली, तेव्हा प्लेऑफमधली सलग 15 पराभवांची रांगही तुटली.

यंदा टीम निवडताना तक्ता खालून वर वाचा. खालच्या पाच-सहा टीमपैकी ज्या टीममध्ये विशीतला एक तरी खेळाडू 20 पॉइंटने मागे असतानाही बचावाला पळत जातो, ती घ्या. आधी तिच्या दोन हरलेल्या मॅच पाहा, तिसऱ्या क्वार्टरपासून.