चॅनेलला गोष्ट ऐकवताय? या चुका टाळा

वाई-साताऱ्याकडे मालिकांची शूटिंगं वाढली, तशी जेवणाच्या सुट्टीत सेटवर कुणालाही गाठून गोष्ट ऐकवणारी पोरंही वाढली. सांगलीत एकांकिका करणाऱ्यांची घाईही तीच. मग प्रोमो दिसला की ‘माझी कल्पना चोरली’.

तोंडी ऐकवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, तिच्या मांडणीला मिळतो. नाटककार आर. जी. आनंद यांनी आपलं नाटक दिग्दर्शकाला ऐकवलं होतं. १९५६ मध्ये त्या दिग्दर्शकाचा त्याच विषयाचा सिनेमा आला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ मध्ये आनंद हरले. प्रांतवादाचा विषय सारखा, पण मांडणी वेगळी, असं न्यायालयाने ठरवलं.

याउलट सनडायल कम्युनिकेशन्स या कंपनीने झी टेलिफिल्म्सला बाळकृष्णावरच्या मालिकेची कन्सेप्ट नोट, म्हणजे कल्पना मांडणारं टिपण, लेखी दिली होती. विश्वासाने दिलेली गोष्ट परवानगीशिवाय वापरता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये मान्य केलं आणि झीला तशी मालिका दाखवायला केलेली मनाई कायम राहिली. काय दिलं होतं, ते कागदावर होतं.

म्हणून आधी आठ-दहा पानं लिहा: पात्रं, त्यांची नाती, पहिल्या दहा भागांतली वळणं. ‘सासू-सुनेचं वेगळं नातं’ एवढ्या एका ओळीवर कुणाचाच हक्क लागत नाही. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन तिथे नोंद करा, किंवा कॉपीराइट कार्यालयात ५०० रुपये भरून अर्ज करा. तिथे हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं; तेवढाही धीर नसेल तर निदान भेटीआधी पीडीएफ कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. भेटीच्या दिवशीच संध्याकाळी दुसरा मेल: कोण हजर होतं, कुठला मसुदा वाचला, आणि तो गोपनीय म्हणून दिला आहे. हा दुसरा मेल बहुतेक जण टाळतात, आणि नेमका तोच पुढे कामाला येतो.

स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवण्यावर विसंबू नका.

व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवर कथा पाठवू नका. फोन बदलला की पुरावा जाऊ शकतो.

रिलीज फॉर्मवर, म्हणजे गोष्ट ऐकण्याआधी कंपनी सही घेते त्या कागदावर, न वाचता सही करू नका. ‘अशीच कल्पना आमच्याकडे आधीपासून असू शकते’ हे कलम त्यात बहुधा असतंच. ते खोडायला सांगा. नाही ऐकलं तर पूर्ण पटकथा देऊ नका, सारांशच द्या.

हक्क विकताना करार लेखीच हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दोन्ही रकाने भरल्याशिवाय सही करू नका.