रेडिएशनने तुटलेला डीएनए बघायचाय? कॉमेट टेस्ट अशी करा

कॉमेट टेस्ट म्हणजे जेलमधल्या पेशींतून वीज सोडून तुटलेला डीएनए शेपटीसारखा बाहेर ओढून बघायची चाचणी. सगळ्यात आधी बर्फ आणून ठेवा, बाकीचं नंतर. एक्स-रे किंवा गॅमा किरण पेशीत घुसले की डीएनए तुटायला सेकंदही लागत नाही, काही किरण थेट धाग्यावर आदळतात पण बरंचसं नुकसान पेशीतल्या पाण्यामुळे होतं, पाण्याचा रेणू फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो आणि तो शेजारचा डीएनए तोडतो. १ ग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक) डोसला एका पेशीत साधारण १००० ठिकाणी एकच धागा तुटतो आणि ४० च्या आसपास ठिकाणी दोन्ही. पण पेशी लगेच डागडुजीला लागते, एकेरी तुटलेलं बहुतेक सगळं तासाभरात सांधून मोकळी. म्हणून डोस देताना पेशींची ट्यूब बर्फात, नंतरही बर्फातच. मी पहिल्या वेळी ट्यूब टेबलावर ठेवून फोनवर बोलत बसलो, आणि स्लाइडवर नुसते गोल टिपके, डोस दिलाच नव्हता जणू!

स्लाइडवर आदल्या दिवशीच साध्या अ‍ॅगरोजचा (जेल होणाऱ्या पदार्थाचा) थर देऊन सुकवा, नाहीतर जेल बफरमध्ये घसरून जातं आणि आपण रिकामी काच बघत बसतो. पेशी ३७ डिग्रीच्या लो मेल्टिंग (कमी तापमानालाही पातळ राहणाऱ्या) अ‍ॅगरोजमध्ये मिसळून त्यावर पसरा. मग लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) ४ डिग्रीला निदान तासभर, पेशीचं आवरण, प्रोटीन वगैरे निघून जातं आणि डीएनएचा गुंता तेवढा उरतो. पुढे पीएच १३ च्या वरच्या अल्कली बफरमध्ये २० मिनिटं (धागे सुटे होतात), मग त्यातच वीज सोडा, साधारण २५ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर, अर्धा तास. करंट जास्त दाखवत असेल तर थोडं बफर काढून घ्या, व्होल्टेजशी खेळू नका. हे सगळं मंद उजेडात हं.

न्यूट्रल करून रंग द्या, ग्लोव्हज घालूनच, कारण हा रंग तुमच्याही डीएनएला चिकटू शकतो. मायक्रोस्कोपखाली धड डीएनए गोल डोक्यात बसलेला दिसेल आणि तुटलेला विजेच्या प्लस टोकाकडे ओढला जाऊन शेपटी झालेली, अगदी धूमकेतू. डोस न दिलेली एक स्लाइड सोबत हवीच, नाहीतर शेपटी किरणांची की तुमच्या हाताळणीची कसं कळणार?

यूव्हीसाठी मात्र ही टेस्ट अशीच्या अशी चालत नाही, यूव्हीने धागा तुटत नाही तर शेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या धाग्यातले घटक) एकमेकांना चिकटतात, तिथे कापणारं एन्झाइम आधी घालावं लागतं. आणि मोजताना स्लाइडच्या कडेच्या पेशी सोडा, तिथे शेपट्या उगाच लांब दिसतात.