स्टँडवर इंजिन पेटलं म्हणजे झालं? अप्पर स्टेजच्या टेस्टिंगमधल्या या चुका टाळा

रॉकेटचं वेड असलेल्या पोरांचं एक ठरलेलं असतं, इंजिन टेस्ट स्टँडवर (जमिनीवर इंजिन घट्ट बांधून चालवायची चौकट) पेटलं की व्हिडिओ टाकायचा आणि लाँचची तारीख काढायची. थांबा जरा. आधी अमेरिकेच्या सेंटॉर या अप्पर स्टेजचं, म्हणजे रॉकेटच्या वरच्या टप्प्याचं, काय झालं ते बघा, लिक्विड हायड्रोजनवर अवकाशात इंजिन चालवणारी ही पहिली स्टेज, खाली अ‍ॅटलास रॉकेट, आणि करता येतील तेवढ्या चुका तिच्या लोकांनी करून ठेवल्यात.

सगळ्यात भारी चूक इंजिनाची. सेंटॉरचं इंजिन म्हणजे प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचं आरएल-१०, ते फ्लोरिडात आडवं ठेवून टेस्ट करायचे, मस्त चालायचं. १९६० च्या शेवटी उभ्या स्टँडवर लावलं आणि स्फोट. तेव्हा बोट दाखवलं टेस्ट स्टँडकडे, इंजिन बरोबरच आहे म्हणे. मग १९६१ च्या सुरुवातीला परत तेच, धडाम! तेव्हा कुठे कळलं की उभ्या इंजिनात गुरुत्वाकर्षणामुळे इग्नायटरपाशी (ठिणगी पाडून इंजिन पेटवणारा भाग) हायड्रोजन-ऑक्सिजनचं मिश्रण नीट होतच नव्हतं, स्पार्क पडतोय पण पेटायला तिथे काही नाही, इंधन मात्र साठत चाललंय, आणि मग जे पेटतं ते स्टँडसकट. उपाय साधा निघाला, इग्नायटरला ऑक्सिजन थेट द्यायचा. म्हणजे जे उभं उडणार ते उभंच टेस्ट करा, आणि पहिल्या स्फोटाचं कारण पटकन सापडलं तर त्यावर जास्तच संशय घ्या.

दुसरी, कवचाला किरकोळ समजणं. सेंटॉरची टाकी स्टेनलेस स्टीलची, पत्रा अर्धा मिलिमीटरही जाड नाही, आतला प्रेशर गेला की फुग्यासारखी बसणार. आत उणे २५३ डिग्रीचा हायड्रोजन, म्हणून बाहेरून इन्सुलेशनचे पॅनेल. ८ मे १९६२ ला पहिलं उड्डाण, ५४ व्या सेकंदाला हवेच्या माराने बाहेरचं आवरण फाटलं, पॅनेल निघाले, टाकी फुटली, संपलं. इंजिन पेटायची वेळच आली नाही! त्यानंतर प्रोजेक्ट नासाच्या हंट्सव्हिलच्या सेंटरकडून नासाच्याच क्लीव्हलँडमधल्या लुईस सेंटरकडे गेला, तिथल्या एब सिल्व्हरस्टीन यांनी जमिनीवरच्या टेस्ट वाढवल्या आणि २७ नोव्हेंबर १९६३ ला दुसरं उड्डाण जमलं.

जुना पार्ट आहे, त्याला काय होतंय, ही तिसरी. मार्च १९६५ मध्ये सगळ्यांचं लक्ष वर सेंटॉरवर आणि गडबड झाली खाली अ‍ॅटलासमध्ये, इंधनाचा एक व्हॉल्व्ह बंद झाला, रॉकेट जेमतेम उठलं आणि परत लाँच पॅडवरच आपटलं. पॅडची पार वाट लागली. शेजारचं ३६बी नावाचं पॅड जवळपास बांधून झालं होतं म्हणून निभावलं, ऑगस्टमधलं उड्डाण तिथूनच झालं.

आता रीस्टार्ट, म्हणजे अवकाशात बंद केलेलं इंजिन परत पेटवणं. हे मला सगळ्यात आवडतं, कारण जमिनीवर याची खरी टेस्ट करताच येत नाही. डिसेंबर १९६४ मध्ये पहिला बर्न (इंजिन एकदा पेटवून चालवणं) छान झाला, मग इंजिन बंद करून स्टेज नुसती तरंगत राहिली, वजनच नाही म्हटल्यावर हायड्रोजन टाकीत हिंदकळत पुढच्या टोकाला गेला, टाकीतला जादा गॅस सोडायच्या व्हेंटमधून गॅसऐवजी लिक्विडच बाहेर, त्या धक्क्याने स्टेज कोलांट्या खायला लागली आणि इंजिनापर्यंत इंधन येणार कुठून? इंधन तळाशी धरून ठेवायला स्टेजला हलका ढकलणारे छोटे थ्रस्टर होते, पण त्यांचा जोर फारच कमी पडला. मग थ्रस्टर वाढवले, टाकीत आडपडदे घातले, व्हेंटचा जोर दोन्ही बाजूंना सारखा केला, तरी एप्रिल १९६६ मध्ये रीस्टार्ट परत फसला. पण तोवर त्यांनी एक शहाणपणा केला होता, मून मिशन त्यावर अडवून ठेवलं नाही. सर्व्हेयर-१ हे चंद्रावर उतरायचं मानवरहित यान एकाच बर्नमध्ये थेट चंद्राकडे पाठवलं, ३० मे ला निघालं, २ जूनला व्यवस्थित उतरलं. रीस्टार्ट जमला तो त्यानंतर, ऑक्टोबरात.