पिकअपचं अ‍ॅव्हरेज पडलंय? पंप-नोझल सगळ्यात शेवटी

इंदुरात कुठल्याही मिस्त्रीला ‘गाडी डीजल बहुत पी रही है’ असं सांगा, दहापैकी आठ वेळा उत्तर येतं, ‘पंप-नोझल करवा लो’, म्हणजे इंजिनाला डिझेल देणारा पंप आणि ते फवारणारे नोझल दुरुस्त करून घ्या. तो खर्च सगळ्यात मोठा, आणि दोष बऱ्याचदा भलतीकडेच असतो. म्हणून आधी फुकटातल्या तपासण्या, मग स्वस्तातल्या, आणि पंप सगळ्यांच्या मागे.

पण त्याआधी अ‍ॅव्हरेज खरंच पडलंय का ते बघा. ‘हजाराच्या डिझेलमध्ये पूर्वी दोन फेरे व्हायचे’ हे माप नव्हे. भाव बदलतो, मालाचं वजनही बदलतं. एकाच पेट्रोल पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या कटला (नोझल आपोआप बंद होताच) थांबून टाकी भरा. डिझेलला फेस येतो, तेव्हा भरणाऱ्याला हळू भरायला सांगा आणि कटनंतर ‘जरा राउंड फिगर’ करू देऊ नका. किमान 300 किलोमीटर चालवून पुन्हा तिथेच, तशीच भरा. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, तीन टाक्यांचे आकडे वहीत लिहा. उन्हाळ्यात माळव्यातला पश्चिमेचा वारा उंच बॉडीच्या गाडीला चांगलाच अडवतो, म्हणून देवासकडे जाताना-येतानाचं अंतर मिळूनच मोजायचं.

मीटरही तपासा. हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडांवरून 10 किलोमीटर मोजा. मीटरने 9.4 दाखवले तर तुमचा हिशोबच चुकतोय: 38.6 लिटरमध्ये मीटरवर 412 किलोमीटर म्हणजे 10.7 चं अ‍ॅव्हरेज वाटतं, पण खरं अंतर 438 आणि अ‍ॅव्हरेज 11.3. मूळ मापापेक्षा मोठे टायर चढवले की असं होतं. अनेक गाड्यांचं ‘पडलेलं’ अ‍ॅव्हरेज इथेच उभं राहतं.

आकडा खरंच कमी निघाला, तर पहिल्यांदा चाकांकडे वळा. टायर थंड असताना हवा बघा आणि दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याशी जुळवा; रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात, मागच्या टायरमध्ये तर फरक बराच असतो.

मग अडकलेला ब्रेक. हा दोष सगळ्यात जास्त नजरेतून सुटतो, कारण गाडी चालते, थांबते, आवाजही करत नाही. दहा किलोमीटर चालवा, शेवटचा एक किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून गाडी हळूहळू थांबू द्या. उतरून प्रत्येक हबजवळ तळहाताची मागची बाजू न्या. ड्रमला हात लावू नका, भाजेल. एकाच अ‍ॅक्सलच्या दोन चाकांत एक जास्त तापलेलं असेल तर चोर सापडला. आता सपाट जागी बाकीच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, गियर न्यूट्रल, आणि जॅकने ते चाक उचलून गाडीखाली स्टँड द्या. ब्रेक दोनदा जोरात दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. जाम राहिलं तर त्या चाकाचा ब्लीडर निप्पल (ब्रेकची हवा काढायचा छोटा स्क्रू) अर्धा फेरा ढिला करा. ऑइलची पिचकारी आली आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत कोंडला आहे. काहीच फरक पडला नाही, तर अडकण मेकॅनिकल आहे: तुटलेली रिटर्न स्प्रिंग, गंजलेली कॅलिपरची पिन किंवा सीझ झालेली हँडब्रेकची केबल.

दाब कोंडला असेल तर दोनच आरोपी. निप्पल बंद करून ब्रेक पुन्हा दाबा, आणि या वेळी रबरी होजच्या आधीचा, लोखंडी पाइपच्या बाजूचा नट ढिला करा. चाक सुटलं तर दोष वर, मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा). सुटलं नाही तर होज आतून फुगलेला आहे: दाबल्यावर ऑइल पुढे जातं, परत येत नाही. बाहेरून असा होज अगदी ठणठणीत दिसतो. होज जोडीने बदला आणि नंतर ब्रेकची हवा काढा. चारही चाकं एकदम जड असतील तर मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला (पेडलकडून येणाऱ्या दांड्याला) थोडीही मोकळीक उरलेली नाही, असं समजा.

दुसरा मोठा चोर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, आणि तो बहुतेक वेळा जागेवरच नसतो. मे महिन्यात गाडी गरम झाली की कुणीतरी तो काढून फेकतो, गरमी थांबते आणि सगळे खूश. पण इंजिन मग वर्षभर थंडच चालतं, जानेवारीच्या सकाळी तर नावालाही तापत नाही. थंड इंजिनमध्ये डिझेल नीट जळत नाही आणि घट्ट ऑइल ढवळण्यात ताकद जाते. तपासायला सोपं आहे. सकाळी थंड गाडी चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. पहिली काही मिनिटं तो गार राहून मग एकदम गरम झाला, तर थर्मोस्टॅट काम करतोय. पहिल्या मिनिटापासून कोमट-कोमट होत गेला, तर तो उघडा अडकलाय किंवा नाहीच. नवा बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात टाकून तापवा. बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांचा 82 अंशांच्या आसपास उघडायला लागतो, नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. नवा बसवल्यावर गाडी पुन्हा गरम होऊ लागली तर रेडिएटर चोंदलाय, तो साफ करा.

एअर फिल्टर मंडीत उभ्या राहणाऱ्या आणि काळ्या मातीच्या कच्च्या वाटांवर फिरणाऱ्या गाड्यांचा लवकर भरतो. हवा मारायची तर आतून बाहेर, हलक्या दाबाने. बाहेरून मारली तर धूळ कागदात रुतते. दोन-तीनदा साफ झालेला फिल्टर बदलाच. टर्बो असेल तर इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजांचे जोड बघा: क्लिपखाली ओला, काळा डाग म्हणजे तिथून हवा सुटतेय.

डिझेल गळतंय का, तेही बघा. इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या, फिल्टरचे बँजो बोल्ट (ज्यांच्या आतून डिझेल जातं ते पोकळ बोल्ट), टाकीचा वरचा जोड. रात्री खाली पुठ्ठा अंतरून ठेवा. डिपस्टिकवर ऑइल वाढत चाललं असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा डायफ्राम किंवा सील फाटून डिझेल इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. अशी गाडी चालवू नका. लेव्हल फार वाढली तर इंजिन स्वतःचं ऑइल ओढून बेफाम फिरू शकतं.

क्लचची परीक्षा मानपूरच्या पुढच्या घाटात चढताना आपोआप होते: इंजिनचा आवाज वाढला आणि गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. त्याच घाटात उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचतं ही समजूत सोडून द्या. गियरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेलचा पुरवठा जवळपास बंद होतो, न्यूट्रलमध्ये आयडलला (इंजिन नुसतं चालू असताना) मात्र चालूच राहतो. वर ब्रेक तापतात ते वेगळंच.

मंडीत रांगेत इंजिन चालू ठेवलं तर अडीच लिटरचं इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर सहज पितं. हा दोष गाडीचा नाही.

इथवर काहीच सापडलं नाही, तर धूर बघा. लोडवर काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. ईजीआर (धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत त्याचा व्हॉल्व्ह उघडा अडकला तरीही काळाच धूर येतो. इंजिन गरम झाल्यावरही डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर म्हणजे टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे, कॉम्प्रेशन कमी किंवा नोझल टपकतोय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. टॅपेटची (इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या टोकाची) गॅप याच वेळी मोजून घ्या.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात आयडलला एकेका इंजेक्टरचा पाइप-नट थोडा ढिला करा, हातमोजे आणि चष्मा घालूनच. इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर काम करतोय. काही फरक पडला नाही तर तो दुबळा. कॉमन रेल इंजिनात (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) हे चुकूनही करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडीत घुसते. तिथे इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या सारख्या बाटल्यांत सोडून आयडलवर काही मिनिटं मोजा. एकीत इतरांपेक्षा खूप जास्त डिझेल जमलं तर तो इंजेक्टर गेला.

नोझल टेस्टिंगला दिलात तर समोर उभं राहून बघा: धुक्यासारखा फवारा हवा, टोकावर थेंब नको. बसवताना तांब्याचे वॉशर नवेच. आणि पंप उतरवण्याआधी फ्लँजवर आणि इंजिनवर मिळून छिन्नीने एक सरळ रेघ मारून घ्या, म्हणजे परत बसवताना टायमिंग हलणार नाही.